कसलाच त्रास नाही

सुरतेला, गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत सकाळ झाली की अंधार व्हायचा. आबा लूमवरून, म्हणजे कापडाच्या मागावरून, रात्रपाळी करून यायचे, हातपाय धुवायचे, कळण्याची भाकरी, ठेचा आणि रात्रीची उरलेली शेवभाजी पोटात घालायचे आणि भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. ते आडवे झाले की आई दार लोटायची, खिडकीला जुनी सतरंजी अडकवायची, आणि त्या एका खोलीतला आमचा दिवस तिथंच मालवायचा. आवाजाचं काही नव्हतं. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट दिवसरात्र भिंतीतून यायची. भांडं पडो, पोर रडो, कुणाला त्याचं काही नाही. गावाकडून पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना वाटायचं, या घरात सगळे एकमेकांवर ओरडतात. दुसऱ्या दिवसापासून तेही ओरडायला लागायचे. पण उजेड म्हणजे महापाप. आबांच्या तोंडावर उन्हाची तिरीप पडली तर आई माझ्याकडे अशी बघायची, जसा काही सूर्य मीच उगवून आणलाय. घरातला पुरुष रात्रभर उभ्यानं राबून आलाय, त्याला अंधार मिळालाच पाहिजे, असा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे मोडायचीही सोय नव्हती.

त्या अंधारात बायकांनी काय करायचं? सगळं. तांदूळ बोटांनी निवडायचे, डाळीचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला हे वजनावरून ओळखायचं, आणि स्टोव्हची वात मोठी करायची नाही. शिवाय धागा कटिंग असायचंच. सुरतेत साडी बनते हे सगळ्यांना माहीत असतं. ती पाठीमागून कशी दिसते हे मात्र आमच्याच गल्लीला माहीत होतं. बुट्टे काढलेल्या साडीच्या मागे रंगीत धाग्यांची जटा लोंबत असते. ती जटा कापून साफ करायचं काम घरोघरी यायचं. टेम्पोवाला सकाळी साड्यांचे पोटले, म्हणजे गाठोडी, टाकून जायचा आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जायचा. मग प्रत्येक घरात दार इंचभर उघडं ठेवून, त्या फटीतल्या उजेडात, अंग निम्मं आत निम्मं बाहेर पिळून एक बाई नाहीतर पोरगी बसलेली असायची. मांडीवर साडी, हातात छोटी कैची. नवा माणूस गल्लीतून गेला तर म्हणायचा, या बाया दिवसभर दारात बसून गल्ली बघतात, यांना काही कामधंदा नाही.

मी त्या वर्षी इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या गल्लीतून पँट-शर्टातल्या पोरांसोबत वर्कशॉपमध्ये लोखंड घासणारी मी एकटीच मुलगी, त्यामुळे मला बघायला लोक येत नसत. माझ्याकडे बघायला येत. आईला या दोन्हीतला फरक चांगला कळत होता आणि तिला त्याची काळजी लागलेली होती. तेवढ्यात सुरतेतल्याच भेस्तान भागातलं एक स्थळ आलं. मुलगा प्रोसेसिंग मिलमध्ये, घर पक्कं, मुलाची आई तोंडाळ पण मनानं चांगली. ज्यांच्याविषयी बाकी काही बरं सांगता येत नाही त्यांच्याविषयी आमच्याकडे हेच सांगतात. मी रडले, भांडले, जेवले नाही. शेवटी आबांनी एका संध्याकाळी कामावर निघताना, सायकलच्या पॅडलवर पाय ठेवून निकाल दिला. पास झाली तर डिग्रीला जाईल. नापास झाली तर भेस्तान. एवढं बोलून ते गेले. आमच्या घरात सगळे मोठे निर्णय असेच, माणूस निघता निघता व्हायचे.

आता पास होणं म्हणजे काय, तर प्रोजेक्ट. बाकी विषयांत माझं बरं चाललं होतं, पण प्रोजेक्टात गेलं की वर्ष गेलं. दर वर्षी पोरं तेच करायची: आदल्या वर्षीचा गाडी उचलायचा जॅक घ्यायचा, रंग बदलायचा, पास व्हायचं. नेमके त्याच वर्षी आमचे सर सुट्टीत अहमदाबादला कसलासा कोर्स करून आले आणि त्यांना साक्षात्कार झाला. वर्गात येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात त्यांनी 'यूझर' लिहिलं आणि म्हणाले, "पेलां यूझरने पूछो, पछी डिझाइन." आधी वापरणाऱ्याला विचारा, मग वस्तू करा. लोकांच्या घरी जा, काम करताना बघा, त्यांचा त्रास शोधा, त्या त्रासावर वस्तू बनवा. आणि परीक्षा कॉलेजात होणार नाही, ज्याच्यासाठी वस्तू केली त्याच्याच घरी होईल. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. रंगवायला आणलेला जॅक मागच्या बाकाखाली तसाच राहिला.

आज माझी भाची पुण्यात याच कामाचा पगार घेते. थंडगार खोलीत चार अनोळखी माणसं बसवते, त्यांना बिस्किटं देते, आणि 'तुम्हाला हे बटण दाबताना कसं वाटतं' असं विचारते. मी तिला म्हटलं, बाई गं, बिस्किटं तू द्यायची असतात हे मला फार उशिरा कळलं. माझ्या वेळेला यूझरच मला पोह्यांवर पोहे खाऊ घालत होता, आणि त्यातच सगळा घात झाला.

त्याचं असं झालं. मी वही-पेन घेऊन गल्लीत निघाले. सरांनी शिकवल्याप्रमाणे प्रश्न तयार होते. घरात किती माणसं? स्वयंपाक कोण करतं? बसून की उभ्यानं? भाकरी थापताना, कपडे धुताना, पाणी भरताना कुठं दुखतं? सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? प्रश्न उत्तम होते. फक्त सरांना एक गोष्ट माहीत नव्हती आणि मला माहीत असून माझ्या डोक्यात आली नाही. आम्हा खान्देशी लोकांत स्थळ कधी सरळ येत नाही. मोठी माणसं रीतसर बघायला येतात ती शेवटी. त्याआधी मुलाकडची एखादी बाई, बहीण नाहीतर मावशी, काहीतरी निमित्त काढून सहज येऊन बसते. विरजण मागते, साडीचा नमुना बघते, आणि बोलता बोलता विचारते, कोण करतं हो घरात सगळं? पोरीला पाणी भरायची सवय आहे का? माझा मोठा भाऊ दिलीप तेव्हा बिनलग्नाचा, लूमचा फिटर, निर्व्यसनी, स्वतःची लुना. आणि त्याची सख्खी बहीण दारोदार जाऊन विचारतेय की पोरगी भाकरी बसून थापते की उभ्यानं.

पहिल्याच घरात मला पाटावर बसवलं. दुसऱ्या घरात शिरा आला. तिसऱ्या घरात पोरगी आत पळाली आणि नवी ओढणी घेऊन बाहेर आली. मी खूश. वाटलं, लोकांना शिक्षणाची किती कदर आहे. मी विचारायचे, "कपडे धुताना कंबर दुखते का?" आई म्हणायची, "छे, कंबर? आमच्या पोरीनं कंबर कशी असते ते बघितलंसुद्धा नाही." "पाणी भरताना?" "एका खेपेला दोन हंडे आणते, वर गाणं म्हणत." "धागा कापताना डोळे?" "अंधारात सुई ओवते माझी बाय." सगळ्या घरांत एकच उत्तर: कसलाच त्रास नाही. मी इमानेइतबारे लिहून घेतलं. तिकडे दिलीपला गल्लीतून जाताना म्हाताऱ्या हाक मारून चहा पाजायला लागल्या, आणि तो गाढव आरशासमोर जास्त वेळ उभा राहायला लागला. त्याला वाटलं, लोकांना अखेर आपली किंमत कळली.

सरांना मी संशोधन सादर केलं. गोडादऱ्यातल्या बायकांना पाठ, कंबर, डोळे, मान यांपैकी कशाचाही त्रास नाही. सगळ्या गाणी म्हणत पाणी भरतात. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तो पछी डिझाइन शेनी करवानी, बेन?" त्रासच नाही तर वस्तू कशाची करणार? डोळ्यांसमोर भेस्तान दिसायला लागलं, पक्क्या घरासकट. घरी येऊन मी आईला म्हटलं, "आई, तुला तरी काही त्रास होतो का?" आई अंधारात लसूण सोलत होती. म्हणाली, "होस ना. तू शिकी राह्यनी तो." तू शिकतेयस, हाच त्रास.

शेवटचं घर राहिलं होतं भिकनकाकांचं, गल्लीच्या टोकाला, लूमच्या खटखटीपासून लांब. भिकनकाका आबांसारखेच रात्रपाळीचे कारीगर, बोलण्यात तुसडे. त्यांची बायको शांताकाकू, आणि मुलगी सुनंदा, माझ्याच वयाची, शाळा सोडून धागा कटिंग करणारी. मी गेले तर शांताकाकूंनी तोंडभर स्वागत केलं, पोहे टाकायला घेतले, आणि 'तुम्ही पोरी बोला' म्हणून सुनंदाला माझ्यासमोर बसवलं. खोलीत अंधार. कोपऱ्यात खाटेवर भिकनकाका भिंतीकडे तोंड करून. मी यंत्रासारखा पहिला प्रश्न विचारला. सुनंदानं आधी आईकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे झुकून म्हणाली, "लिही. पाठ दुखते. मान दुखते. डावा डोळा सारखा चुरचुरतो, संध्याकाळी पाणी गळतं. मागच्या आठवड्यात अंधारात धाग्याऐवजी साडीच कापली, टेम्पोवाला गल्लीभर ओरडला. भाकरी मला येत नाही, जाड होते. आळशी आहे. तोंडाळ आहे. लिहिलंस? आता घरी जाऊन सांग तुझ्या आईला, पोरगी काही कामाची नाही."

मी म्हटलं, "माझ्या आईला कशाला सांगू?" "दिलीपसाठीच आलीस ना?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ते सगळे पोहे, शिरे, नव्या ओढण्या, गाणी म्हणत भरलेले हंडे माझ्यासमोरून सरकत गेले, आणि मला हसू आवरेना. मी तोंडात ओढणीचं टोक कोंबलं, कारण कोपऱ्यात बाप झोपलेला. सुनंदाला खरं काय ते सांगितलं, तेव्हा तीही हसली, अगदी पोट धरून, बिनआवाजाची. तिला लग्न नको होतं एवढ्यात. त्यामागे मोठी कहाणी काही नव्हती. नको होतं, बस. त्या काळी पोरीला काहीतरी नको असायलाही कारण लागायचं आणि तिच्याकडे दाखवण्यासारखं नव्हतं. म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक बाईला आपले दोष मोजून दाखवत होती. थोडक्यात, अख्ख्या गल्लीत खरं उत्तर देणारी एकच पोरगी होती, आणि ती खरं बोलत होती ते स्थळ मोडावं म्हणून. असलं काही सरांच्या कोर्समध्ये शिकवत नव्हते.

आम्ही तिथंच ठरवलं. तिनं घरात सांगायचं नाही की हे स्थळ नाही. दिलीपचं स्थळ हाताशी आहे तोवर शांताकाकू दुसरं बघणार नव्हत्या, म्हणजे सुनंदाला श्वास घ्यायला जागा. आणि मला मिळाली खरं सांगणारी यूझर. मी विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा?" म्हणाली, "दिसत नाही त्याचा." मी म्हटलं, "मग दार उघड ना." तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि खाटेकडे मान उडवली. बाप झोपलाय ना. माझ्या घरी तरी दुसरं काय होतं.

मी रोज जाऊन तिच्या शेजारी बसायला लागले. ती कशी बसते, साडी कुठं अडकते, उजेड कुठून येतो, किती वेळानं ती जागा बदलते. आणि मग वर्कशॉपमध्ये एक चौकट केली. दाराच्या चौकटीत वरून आकड्यांनी अडकवायची; वर एक लाकडी रूळ, खाली एक. साडी वरच्या रुळावरून खालच्यावर गुंडाळत आणायची, म्हणजे ती दारात पडद्यासारखी ताणून उभी. बाहेरचा उजेड साडीतून आत येतो, आणि मागचा लोंबणारा प्रत्येक धागा वेगळा दिसतो. बाई आतल्या बाजूला साडीसमोर सरळ बसते. तिच्यामागे जाड चादरीचा दुसरा पडदा, म्हणजे खोलीत काळोख जसाच्या तसा. काम संपलं की घडी करून खिळ्याला टांगायची. दिलीपनं वेल्डिंगला मदत केली, आणि ही वस्तू सुनंदासाठी आहे म्हटल्यावर चारदा घासून गुळगुळीत केली. त्याला मी काही सांगितलं नाही, उगाच काम बिघडलं असतं. सरांनी तिला 'डोअर माउंटेड वर्कस्टेशन' असं नाव दिलं. सुनंदा तिला पिंजरा म्हणायची, पण पिंजऱ्यातून हलायची नाही. बाहेरून कुणाला ती दिसत नव्हती आणि मान सरळ राहत होती.

बाकीच्या घरांनी मात्र नाकं मुरडली. मी दोन-तीन ठिकाणी चौकट लावून दाखवली तर आयांना ती अजिबात रुचली नाही. एक म्हणाली, "पोरगी दारात दिसली नाही तर तिला विचारणार कोण? साडी बघून परत जातील लोक." मुद्दा बिनतोड होता. मी तोही लिहून घेतला आणि सरांना दाखवला नाही.

परीक्षेच्या दिवशी सर आले, आणि सोबत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बडोद्याच्या, सुती साडी, जाड चष्मा, हिंदीत बोलणाऱ्या. मी त्यांना भिकनकाकांच्या खोलीत नेलं आणि दारातच समजून चुकले की आपलं काही खरं नाही. खोली सारवल्यासारखी स्वच्छ. स्टीलची भांडी चमकतायत. पोह्यांवर खोबरं. सुनंदाला नवी साडी नेसवलेली, केसांत गजरा. शांताकाकूंनी पाहुण्यांना हिशेबात बसवून टाकलं होतं: बाई म्हणजे दिलीपची बडोद्याची आत्या, आणि सर म्हणजे मामा. सर चौकट हलवून मजबुती बघायला लागले, ते तर त्यांना अगदीच मामासारखं वाटलं. भिकनकाका नेहमीसारखे खाटेवर. एवढे पाहुणे आले तरी रात्रपाळीच्या माणसाला उठवायचं नाही, त्यामुळे सगळे दबक्या आवाजात.

बाईंनी चौकट बघितली, साडी फिरवून बघितली, स्वतः खाली बसून चार धागे कापले. मग सुनंदाला विचारलं, "बेटी, इससे पहले क्या तकलीफ थी?" सुनंदा तोंड उघडणार तोच शांताकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कसलाच त्रास नाही हो. आमची पोरगी एकदम निरोगी." बाईंनी पुन्हा सुनंदालाच विचारलं. "आँखें?" "डोळे ना? मांजरासारखे. अंधारात सुई ओवते." पाठ? मान? कसलाच त्रास नाही. मी सुनंदाकडे बघत होते. ती खाली बघत होती. काकूंचा हात पाठीवरून हलत नव्हता. एवढ्या मोठ्या माणसांसमोर आईला खोटं पाडायची तिची छाती होईना, आणि मला तिचा राग आला, खरंच आला. बाई सरांकडे वळून म्हणाल्या, तकलीफच नव्हती तर ही वस्तू कशासाठी? सर माझ्याकडे बघायला लागले. आबांचा सायकलवरचा तो पाय मला दिसला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "खोटं बोलस ती."

सगळे दचकले. भिकनकाका भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. "पोरले काही दिसत नही. डावा डोळा गया तिना. रोज देखस मी." शांताकाकू पुटपुटल्या, "अहो, तुम्ही झोपेलात ना?" तेव्हा काका वळले आणि उठून बसले. आणि त्या तुसड्या माणसानं, आयुष्यात बोलला नसेल तेवढं एका दमात बोलून टाकलं. दिवसा झोप त्यांना येतच नव्हती. कधीच नव्हती येत. रात्रभर लूमसमोर उभं राहिलं की अंग पडतं पण डोळा लागत नाही. पण ते जागे दिसले की बायको काम गुंडाळणार, चहा ठेवणार, पाय दाबायला बसणार, आणि साड्या तशाच राहणार. "मी डोळा मिटीसन पडस, तवय यासनं काम चालस." म्हणून रोज भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि पाठीमागे पोरगी अंधारात डोळे फोडतेय ते ऐकत राहायचं. ऐकत, कारण कैचीचा आवाज थांबला की त्यांना कळायचं, आता ती डोळे चोळतेय.

शांताकाकूंचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. पण बाई कसल्या सोडतात? त्यांना सरांनी अर्थ सांगितला आणि त्या लगेच म्हणाल्या, हे झोपतच नसतील तर अंधार कशाला हवा? दार उघडा आणि उजेडात बसा. या चौकटीची गरजच काय? माझा प्रोजेक्ट माझ्याच यूझरच्या बापानं वाचवला आणि तिथल्या तिथं बुडवलाही. मी मनातल्या मनात भेस्तानला गृहप्रवेश केला.

पण शांताकाकू सावरल्या. पदर खोचून म्हणाल्या, "दार कसं उघडू? रात्रपाळीचा माणूस घरात पडलाय आणि दार सताड उघडं? गल्ली म्हणेल, नवऱ्याची एवढीही कदर नाही. आणि असं काय हो बाई, आत्तापासून आमच्या घरात बदल सुचवता, लग्न तर होऊ द्या." सरांनी विचारलं, "लगन? कोनां लगन?" मग जो काही उलगडा झाला तो मी सांगत बसत नाही. मला तोपर्यंत आणि त्यानंतरही एवढ्या शिव्या एकदम कुणी दिल्या नाहीत. सुनंदा तोंडावर गजरा धरून हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही. भिकनकाका तेवढे शांत होते. म्हणाले, दार झाकलेलंच राहू द्या, बायकोचं समाधान. पण पोरीचा पिंजरा काढायचा नाही. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. शांताकाकूंनी सवयीनं त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि आवाज खाली आणून मला शिव्या देणं चालू ठेवलं.

बाईंनी पोहे सगळे खाल्ले. निघताना म्हणाल्या, इतकी वर्षं परीक्षा घेतेय, पण अशी वस्तू पहिल्यांदा बघितली, जिची गरज घरात कुणालाच नाही आणि जी घरातून कुणी हलवू देणार नाही. चांगले मार्क दिले त्यांनी. पुढे आठवड्याभरातच काका सुनंदाला दिवसाढवळ्या, डोळे टक्क उघडे ठेवून, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. चष्मा लागला तिला. लग्न तिनं पुष्कळ नंतर केलं, चष्म्यासकट, आणि दिलीपशी नाही. दिलीपनं ते बरेच दिवस मनाला लावून घेतलं होतं.

त्या दुपारी मी घरी आले तर दार लोटलेलं, खोलीत काळोख. आबा खाटेवर, भिंतीकडे तोंड. आई चाचपडत पीठ चाळत होती. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, पास झाले. तिनं माझ्या गालावर पिठाचा हात फिरवला आणि मग म्हणाली, "पन त्या भेस्तानवाला... त्यासले मी आईतवारे ये म्हणी टाकेल शे." रविवारी यायला सांगून ठेवलेलं. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, म्हणाली, असू द्यावं हाताशी. मी एवढी संतापले की माझा आवाज लूमच्याही वर चढला, आणि रडूही आलं. ठरलं होतं ना, म्हटलं. आबांनी सांगितलं होतं ना. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू. आबा झोपेल शेत. उठनात की विचारू त्यासले."

खाटेवरून, भिंतीकडे तोंड करून, आबा म्हणाले, "त्यासले निरोप धाड. पोर आजून शिकी राह्यनी म्हना."

आईचा हात माझ्या तोंडावरच राहिला. ती अंधारात खाटेकडे बघत होती. मग जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच विचारावं तसं, तिनं विचारलं, "अहो, तुम्ही झोपेल शेत ना?"

"हाओ," आबा म्हणाले. "झोपेल शे मी."